कम्पॅशनेटवाली बाई

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर
ता. १८ जुलै २०००

ती. आईस,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. इथं पहाटे साडेपाचला फिजिक्सची ट्यूशन सुरू होते, संध्याकाळी साडेसातला बायोलॉजी सुटते, आणि मधल्या वेळात कॉलेज. सायकलींच्या गर्दीत माझीच सायकल सापडत नाही. बारावीला नांदेडात राहिले असते तर तुझी बोलणी खाल्ली असती, इथं नुसते पाठ केलेले फॉर्म्युले खाते.

दिलशादचाचीकडं तू खोली ठरवलीस तेव्हा मी किती तोंड वेंगाडलं होतं, आठवतं ना? सगळ्या मैत्रिणी हॉस्टेलवर आणि मी गंजगोलाईमागच्या गल्लीत पत्र्याखाली. विचारलं की तुझं एकच पालुपद, बाई आपल्या जुन्या गावची आहे. आता मुकाट्यानं शब्द मागं घेते. चाची वीस पोरींचे डबे करते, पण गरम भाकरी फक्त माझ्या ताटात पडते. डब्याची भांडी वेगळी, घरची वेगळी. घरात मटण शिजतं त्या दिवशी मला नाक बांधून अभ्यास कर म्हणते आणि स्वतःच हसते.

एका गोष्टीनं मात्र अंगावर काटा येतो. गल्लीत कलईवाल्याची आरोळी आली की चाची हातातलं टाकून दाराकडं पळते, तेही त्या लंगड्या पायानं. काल तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. दारात उभी राहून ती त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघते, मग त्याच्या पायांकडं बघते, आणि परत येऊन चुलीपाशी बसते. तिची दुसरीतली उजमा जळकी भाकरी उचलून बाजूला ठेवते. तुला माहीतच असेल, चाचीचा नवरा महेबूब भूकंपात हरवला. हरवला म्हणायचं, मेला म्हटलं की चाची भांडायला उठते. हातात अजून हिरवा चुडा आहे.

आता तुझ्याकडं एक काम. इंग्रजीचे मडिवाळप्पा सर दर आठवड्याला एक शब्द देतात आणि त्याची पाच वाक्यं करून मागतात. या खेपेला कम्पॅशनेट दिलाय. शब्दकोशात दयाळू, कनवाळू असं आहे. मला एकदम तुझी नेमणुकीची ऑर्डर आठवली, देवघरातल्या डब्यात घडी करून ठेवलेली. तिच्यावर हाच शब्द आहे ना गं? तुमच्या ऑफिसात तो कसा वापरतात ते कळव, म्हणजे एक तरी वाक्य दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं होईल.

शेजारच्यांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेव, वाढवलीस तर दर रविवारी लाडू पाठवशील आणि मी फुगेन.

तुझी,
पुनम


नांदेड
ता. २६ जुलै २०००

चि. पुनम हिस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू खुशाल आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. केसांना तेल लाव. सायकल जपून चालव, त्या रस्त्यांवर सगळीच पोरं डॉक्टर व्हायच्या घाईत आहेत.

तुझ्या शब्दाचं सांगते. आमच्याकडं कम्पॅशनेट हा शब्द दयाळू माणसाला कुणी लावत नाही. ज्याच्या घरचं माणूस मेलं त्याला लावतात. हा कम्पॅशनेटमधून लागला, ती कम्पॅशनेटवाली बाई, असं. नवीन साहेब आले की हेडक्लार्क शंकरप्पा माझी ओळख करून देतात आणि हा शब्द आला की आवाज खाली घेतात. साहेब मग माझ्याकडं बघून मान हलवतात. मराठीत अनुकंपा म्हणतात, अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती. तुझे पप्पा होते म्हणून त्यांची जागा, आणि नाहीत म्हणून ती मला. सात वर्षं मी त्या खुर्चीत बसून राहिले, पण पाठ टेकून कधी बसले नाही. हे वाक्य सरांना देऊ नकोस.

दिलशादला तिच्या नवऱ्याबद्दल काही विचारत जाऊ नकोस. खपली काढू नये. पण तिचा पाय थंडीत दुखतो का, ती नीट झोपते का, पोरीच्या शाळेचं कसं आहे, हे आपणहून दिसेल तसं मला कळवत जा. कलईवाला आला की ती पायांकडं बघते असं तू लिहिलंस. पायांकडंच बघते का? नीट आठवून लिही.

तांब्याची घागर मी कलईला का देत नाही म्हणून तू दर सुट्टीत टोकतेस. स्टीलच्या पाण्यानं कुणी मेलं नाही.

तुझ्या पत्रावरच माझा आठवडा निघतो, तेवढं ध्यानात ठेव.

तुझी आई,
शिवकांता


लातूर
ता. १३ ऑगस्ट २०००

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पाचातली चार वाक्यं सरांनी लाल केली! मी लिहिलं होतं की राजा कम्पॅशनेट होता, त्यानं गच्चीवरून धान्य वाटलं. सर म्हणाले, त्याला दयाळू म्हण, उदार म्हण, हा शब्द मिळणार नाही. दया वरून खाली टाकता येते. कम्पॅशनेट व्हायला जिना उतरून यावं लागतं आणि दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगाला लागू द्यावं लागतं. हा शब्द माणसाला लावा, नजरेला लावा, एखाद्या निर्णयालाही लावा, पण आधी विचारा की तो माणूस खाली उतरला का. मग मी तुमच्या ऑफिसचा वापर सांगितला. सर म्हणाले, तिथला तो अर्थ वेगळा नाही, फक्त सरकारला उतरायला फाइल लागते. वर्ग हसला, मला नाही हसू आलं.

पाचवं वाक्य पास झालं. मला ताप होता तेव्हा चाची रात्रभर उशाशी बसली, ते लिहिलं होतं. तुला तापाचं कळवलं नव्हतं. आता रागावून उपयोग नाही, उतरला.

तू विचारलंस म्हणून सांगते, हाव, ती पायांकडंच बघते. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. कलईवाले मोठ्या भांड्यात उभे राहतात आणि वाळू घालून पायांनी फिरत फिरत ते घासतात. बारा वर्षांचा असल्यापासून महेबूबचाचा ते काम करायचा, त्यामुळं त्याच्या टाचा डांबरासारख्या काळ्या आणि काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. साबणानं निघत नव्हत्या. चाची त्याला चिडवायची की, देवानं तुला बूट घालूनच पाठवलंय.

भूकंपात चाचीच्या पायावर भिंत पडली. तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी परत आली तेव्हा गावात बघायला काही उरलं नव्हतं. आई, तिनं तुला एक विचारायला सांगितलंय. ती म्हणते, वीरण्णाच्या बायकोला, म्हणजे तुला, तिसऱ्या दिवशी नवरा सापडला, तिनं त्याला रीतीनं बसवून माती दिली, नशीबवान बाई. तिनं तिथं किती तरी माणसं बघितली असतील. त्यांत काळ्या टाचांचा कुणी होता का, एवढंच विचार. मी सांगितलं, आई खरं ते सांगेल.

उत्तराची वाट बघतो, मीही आणि तीही.

तुझी,
पुनम


नांदेड
ता. २२ ऑगस्ट २०००

चि. पुनम हिस आशीर्वाद.

तिथं पाऊस होता, चिखल होता, मला माझं सुचत नव्हतं. मी असा कुणी बघितला नाही. दिलशादला तसं सांग.

तू तिथं अभ्यासाला गेलीस, लोकांचे मुडदे उकरायला नाही. गणिताचे मार्क का लिहिले नाहीस? मी विचार करून राहिले की दिवाळीनंतर तुझी खोली बदलावी. हॉस्टेलवर जागा आहे का बघ.

ताप पुन्हा आला तर एसटीडीवरून ऑफिसात फोन कर.

आई


लातूर
ता. ५ सप्टेंबर २०००

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

खोली मी बदलणार नाही. आधी तूच हट्टानं इथं घातलंस आणि आता तूच काढतेस, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. गणितात एकोणसाठ. झालं समाधान?

तुझा निरोप मी चाचीला सांगितला. मला वाटलं होतं ती रडेल. ती हसली गं आई! म्हणाली, बरं झालं, म्हणजे तो मेलेल्यांत नव्हताच. वीरण्णाची बायको तिथं होती, तिला दिसला नाही म्हणजे तो चालत कुठं तरी गेला. डोक्याला मार लागला की माणूस घर विसरतो. त्या दिवशी तिनं सगळ्या पोरींच्या डब्यात शिरा दिला.

आता ऐक. येत्या तीस तारखेला भूकंपाला सात वर्षं होतात. चाचीचा दीर कागद घेऊन आला होता. सात वर्षं माणूस दिसला नाही की कायद्यानं मेला धरतात, तेव्हा सही कर म्हणाला. चाचीनं कागद फाडला. देगलूरच्या बाजारात कुणी तरी तिला सांगितलंय की बिदरकडं एक मुका कलईवाला फिरतो. मागं एकदा हिमायतनगरला असाच कुणी दिसला म्हणून ती गेली होती आणि पोरीला मांडीवर घेऊन चार दिवस स्टँडवर झोपली होती. या खेपेला डबे बंद करून, उजमाला शाळेतून काढून, सापडेपर्यंत परत यायचं नाही असं तिनं ठरवलंय. वीस तारखेला निघणार. उजमाचं दप्तर माझ्या खोलीत आणून ठेवलंय.

तुझ्या एका शब्दावर ती निघालीय. मला नीट आठवून सांग, तू सगळी माणसं बघितली होतीस ना?

पुनम


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड
ता. ११ सप्टेंबर २०००

चि. पुनम हिस आईचे आशीर्वाद, आणि दिलशादबाईला शरणार्थ.

पुनम, हे पत्र आधी एकटी वाचू नकोस. दिलशादसमोर बसून मोठ्यानं वाच. तुझी हिंमत झाली नाही तर मला फोन कर, मी येऊन स्वतः सांगते. पण तिला वीस तारखेला निघू देऊ नकोस.

दिलशाद, मी खोटं बोलले. ऑगस्टात बोलले आणि सात वर्षांपूर्वीही बोलले. तुझा नवरा मला सापडला होता.

पुनमचे पप्पा गणपती विसर्जनासाठी गावी गेले होते. आम्ही दोघी इथंच होतो. मी ट्रकमधून गावात पोचले तो तिसरा दिवस. पाऊस लागला होता. आमच्या गल्लीत गल्ली राहिली नव्हती. देवळापाशी ज्यांची ओळख पटत नाही असे सात जण चादरीखाली ठेवले होते आणि संध्याकाळपर्यंत कुणी घेतलं नाही तर सगळ्यांना एकत्र अग्नी देणार होते. माझे थोरले दीर गुरुबसप्पा मला ट्रकच्या आडोशाला घेऊन गेले. म्हणाले, देह मिळाला नाही तर सात वर्षं दाखला नाही. दाखला नाही तर नोकरी नाही. आठ दिवसांत क्वार्टर खाली करायला लावतील, दहा वर्षांच्या पोरीला घेऊन तू कुठं जाशील? त्यांनी वाईट मनानं नाही सांगितलं. त्यांचे स्वतःचे दोन गेले होते.

तलाठी वही घेऊन उभा होता. मी एकेक चादर उचलली. पाचव्या माणसाचं तोंड ओळखण्यासारखं नव्हतं. अंगलट यांच्यासारखीच होती. गळ्यात लिंग नव्हतं. आम्हा लिंगायतांचा माणूस जीव गेला तरी लिंग उतरवत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणाले, दगडांत तुटून पडलं असेल. मग माझी नजर खाली गेली. टाचा काळ्या होत्या.

मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सासूबाईंच्या अंगणात आमच्याच घंगाळात उभं राहून गरगर फिरताना मी त्याला दर उन्हाळ्यात बघितलं होतं. गावात कलईगर एकच होता. मी चादर पायांवर ओढली आणि म्हणाले, हेच. तिघांनी सह्या केल्या.

त्याला आमच्या रीतीनं बसवून माती दिली. हातावर ठेवायला लिंग लागतं. मी माझ्या गळ्यातलं काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं. हात थंड होता आणि बोटं मिटत नव्हती, मीच धरून मिटवली. वर दगडावर वीरण्णा असं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या घराच्या ढिगातून आणखी तिघं निघाल्याचं कळलं. सगळे बघायला पळाले. मी पळू शकले नाही. माझा तर सापडला होता ना! आदल्या दिवशी नवऱ्याला माती दिलेली बाई ढिगाऱ्यात कुणाला शोधणार? त्या तिघांत पुनमचे पप्पा होते का, मला माहीत नाही. त्यांना कुणी जाळलं, कुणी पुरलं, माहीत नाही. मी माझ्याच माणसाला हाक मारायची वाट स्वतः बुजवली. आजही स्वप्नात ते येतात ते टाचा लपवून येतात, आणि मी विचारायच्या आत चादर ओढून घेतात.

तू जिवंत आहेस, सोलापूरहून परत आलीस, हे मला पुढं महिन्यानं कळलं. तेव्हा ऑर्डर हातात होती. येऊन सांगावं असं शंभरदा वाटलं आणि शंभरदा पोरीचं तोंड पुढं आलं. पोरीला तुझ्याकडं ठेवलं तेही त्याचसाठी. वाटलं, पोरगी तिथं राहील, तुला तिचा जीव लागेल, माझं थोडं हलकं होईल. काही झालं नाही. तुझ्या हातचं खाल्ल्याचं वाचलं की मला घास उतरत नव्हता.

पुनम, तुझ्या सरांनी त्या शब्दाबद्दल सांगितलेलं मी चार वेळा वाचलं. सात वर्षं मी तो नावाला लावून फिरले. ज्या माणसाच्या मरणावर मी जेवले त्याच्या बायकोपर्यंत चार पायऱ्या उतरून मला येता आलं नाही. माझा करशील तेवढा राग कर.

दिलशाद, हे पत्र तुझं आहे. तलाठ्याला दाखव, माझ्या साहेबाला दाखव. नोकरी जाईल, खटला होईल, होऊ दे. फक्त बिदरला जाऊ नकोस. तिकडं कुणी नाही.

माफी मागायला तोंड नाही.

शिवकांता


लातूर
ता. १७ सप्टेंबर २०००

आई,

पत्र वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबले, दोन्ही वेळा चाचीनं पुढं वाच म्हणून सांगितलं. माझं मी नंतर लिहीन, आज मला तुझ्याशी बोलता येत नाही. खालचं चाची सांगतेय तसं, तिच्याच शब्दांत उतरवून घेतलंय.

पुनम

७८६

वीरण्णाच्या घरवालीला दिलशादचा सलाम.

तुझी पोरगी वाचता वाचता थांबली. मी तिला पानी दिलं. तिला काय बोलले न्हाई, बोलनार बी न्हाई. तिचा डबा बंद होनार न्हाई, तिची परीक्षा हाय.

तुला मात्र बोलते. सात वर्सं मी दर आरोळीला दारात गेले. उजमा चालायला शिकली तवापासून माझ्यामागं दारात येते. एका पोस्टकार्डानं भागलं असतं, बाई. तुझी नोकरी मी काय हिसकून घेतली असती? तू मला बाई समजलीच न्हाईस, चादरीखालचं आठवं मानूस समजलीस. तुला पोरगी व्हती तशी मला बी व्हती.

ते बसवून पुरलं म्हनतेस. आमच्यात निजवतात, तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला करतात. पुनम मला भीत भीत विचारून राहिली की चाची, त्याचा लई राग आला का. न्हाई आला. तो जन्मभर लोकांच्या भांड्यात उभा राहिला, त्याला कुनी बसा म्हनलं नव्हतं. बसला असंल तर बसू दे. तुझ्या देवाचं त्याच्या हातात हाय, ते बी राहू दे, त्यानं त्याचं काय वाईट व्हनार न्हाई. बोटं तू मिटवलीस म्हनतेस. ते ऐकून मी रडले. अग्नीत गेला असता तर मला तेवढं बी कळलं नसतं. पन म्हनून मी तुला माफ केलं असं समजू नको. कागद मी पेटीत ठेवलाय. कुनाला दाखवायचा का न्हाई ते माझं मी ठरवीन, आन् ठरवेपर्यंत तुला सांगनार न्हाई.

मौलवीसाबांना घरी बोलावलं. नवरा मेला की आमच्यात बाईनं चार महिने धा दिवस इद्दत पाळायची, घराबाहेर पडायचं न्हाई. ते म्हनले, इद्दत मरनापासून मोजतात, तुझी तर कवाच सरली, आता बसायची गरज न्हाई. मी म्हनलं, साब, किताबात बरोबर असंल, पन माझा नवरा आज सकाळी मेला. मी बसनार. ते दुवा करून गेले.

चुडा उजमानं उतरवला, मला उतरवता आला न्हाई.

आता कामाचं. वीस पोरींचे डबे हायेत. सैपाक मी घरात बसून करीन, पन बाजार कोन करनार? चक्कीवर कोन जानार, डबे कोन पोचवनार? रजा काढ, बिनपगारी काढ, साहेबाला काय सांगायचं ते तुझं तू बघ, खोटं बोलायला तुला शिकवायला नको. चार महिने धा दिवस हितं येऊन ऱ्हा. माझ्या भांड्यात जेव. कलईवाला आला तर दारात तू जायाचं. आन् ते सरलं की मला आन् उजमाला घेऊन गावात चल, ती जागा पोरीला बोटानं दाखवायची, तिच्या बापाचं नाव तुझ्या तोंडानं घ्यायचं. तुझ्या मानसासाठी बी तिथं एक दगड ठेवू. कुठं हाय ते ठाव नसलं तरी ठेवू.

बुधवारी बाजार असतो. त्याआधी ये.

खाली विधवा म्हनून नाव लिहिताना पुनमचा हात अडला. मी म्हनलं, लिही.

दिलशाद,
बेवा महेबूब कलईगर